न भुंकणारी हरणी

सकाळी उठलो की हरणी न्हाणीच्या बंद दाराशी बसलेली दिसते. ती कारवान जातीची; ही शिकारी कुत्री फारशी भुंकत नाहीत, म्हणूनच मी तिला निवडलं. माझ्या बायकोला, सुलभाला, गल्लीतलं गावठी पिल्लू हवं होतं. "घरात माझ्याशिवाय कुणीतरी बोलेल," ती हसत म्हणाली होती. मला पेपर वाचताना आवाज खपत नसे.

सुलभा न्हाणीत पडली आणि गेली, तेव्हाही मी पेपरच वाचत होतो. भेटायला आलेल्यांना मी सांगितलं, कुत्रीनं काही कळूच दिलं नाही. मेहुणी म्हणाली, "असलं मुकं जनावर काय कामाचं, भाऊजी?" मी मान डोलावली.

खरं म्हणजे हरणी आली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला, लेंगा ओढला. पेपर खाली न करता मी म्हणालो, "जा, बस." जे ओरडत नाहीत त्यांच्याकडे मान वर करून पाहावं लागतं. मी पाहिलं नाही. ती शहाण्यासारखी गेली आणि त्या दाराशी बसली.

आता घरात मला हवी होती तेवढी शांतता आहे. हरणी अजून तिथंच बसते, आणि तिला ऊठ म्हणायला मला तोंड नाही.