एकही भेग नसलेला बीम

ती घटना आठवली की आजही कुठल्याही इमारतीत शिरताना माझी मान आधी वर जाते. बायको म्हणते, "जाल तिथं छत काय न्याहाळता? पाल आहे का?" पाल असती तर बरंच झालं असतं.

नोकरीचं माझं शेवटचं वर्ष. नव्या संहितेची कलमं आमच्या ठाणे अंमलदाराच्या जिभेवर अजून बसायची होती. शिरोली एमआयडीसीच्या अंगाला असलेल्या एका फाउंड्रीत शेड पडल्याचा भरदुपारी फोन आला. गेलो. जेवणाची सुट्टी होती म्हणून कामाच्या बायका बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. सुपरवायझर तेवढा पाण्याची बाटली आणायला आत गेला आणि वरचा मजला त्याच्या अंगावर आला. त्या मजल्यावर तयार कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागांचा, साठा असायचा. माणूस जागीच गेला.

इमारत पडली की साक्षीदार काय सांगतात ते मला पाठ होतं. सकाळपासून माती गळत होती, भिंत फुगली होती, कडकड ऐकू येत होती. इथं तीसेक बायका, आणि सगळ्यांचा जबाब एकच. त्यांच्यातली थोरली, पेठ वडगावची, म्हणाली, "पडायच्या आदी आवाज न्हाय, चीर न्हाय, काय म्हंजे काय न्हाय साहेब. आत्ता हुतं आन् आत्ता न्हाय."

मी ते लिहून घेतलं आणि पुढं गेलो. घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही, असं मनाशी म्हटलं.

गर्दीनं इंजिनिअरच्या नावानं शंख सुरू केला होता. त्याला गाडीत घालून आणला. नवखाच होता. म्हणाला, "साहेब, माझ्या ड्रॉइंगमध्ये बीमला खालून चार सळ्या आहेत. चाराला एक जरी कमी निघाली तरी मला आत टाका." पंचांसमक्ष ढिगाऱ्यातला बीम मोजला. चार नाही, सात निघाल्या. आता बोला! लोखंड चोरलेलं नाही, उलट जास्तच. मी इंजिनिअरची पाठ थोपटून त्याला घरी पाठवला. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "मिस्त्रीनं घातल्या असतील. मला काय ठावं?"

शेजारीच दुसरी शेड होती. तोच नकाशा, तेच वर्ष. मालक हात जोडून आला, बायकांना तिकडं कामाला बसू द्या म्हणाला. मी आत जाऊन बीम पाहिला. नुकत्याच दाढी केलेल्या हनुवटीसारखा साफ. हवालदार म्हणाला, "ह्याच्यावर हत्ती नाचवा साहेब." मी परवानगीवर सही केली. एवढंच नाही, जबाब घ्यायचं आमचं टेबलही सावली बघून त्याच बीमखाली मांडलं आणि तीन दिवस तिथं चहा प्यायलो. पहिल्या शेडमधला वाचलेला मालही हमालांनी याच शेडच्या वरच्या मजल्यावर चढवला. माझ्या डोळ्यांदेखत.

चौथ्या दिवशी ठाण्यात एक माणूस आला. आजऱ्याकडचा, सळ्या वाकवून बांधायचं काम करणारा. लायसन्स हरवल्याचा दाखला पाहिजे म्हणाला. लायसन्स त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. ज्याला खरं काही सांगायचं असतं तो आधी भलतंच मागतो, हे मी उभ्या नोकरीत पाहिलंय. त्याला बसवला, चहा सांगितला.

अर्धा कप झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुमचं टेबल तिथनं काढा की."

"का?"

"पडलेल्या बीमात सात हुत्या. तितल्या बीमात अकरा हायत्या. आमीच बांधल्या. वाळूचा खडा खाली उतराय जागा ऱ्हायली न्हवती. माझं नाव नगा लिहू."

मला हसू आलं. अरे, जास्त लोखंड म्हणजे गुन्हा का? पण तो उरलेला चहा तसाच ठेवून, दाखला न घेताच निघून गेला. मी इंजिनिअरिंग कॉलेजात हाच विषय शिकवणाऱ्या एका बाईंना फोन लावला. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, आत्ता या घडीला त्या बीमखाली कोण आहे?"

"तीसेक बायका," मी म्हणालो, "आणि वर दोन शेडचा माल."

"ओरडू नका, पळापळ करू नका," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना बाहेर काढा. माल उतरवायलाही कुणी वर चढायचं नाही. उद्या मी टेकू लावणारी माणसं घेऊन येते."

गेलो. आत ग्राइंडर चालू होते, बायका हसत-बोलत होत्या. बीमच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं, त्याचा एक धागासुद्धा तुटला नव्हता. चुन्याचे ब्रशचे फराटे जसेच्या तसे. चार दिवस ज्याचं कौतुक केलं, त्याच्याकडे आता बघवत नव्हतं. मशीन बंद करायला लावली आणि हलक्या आवाजात सगळ्यांना बाहेर घेतलं. थोरली कुरकुरली, "काय झालंय काय साहेब? सगळं झ्याक तर हाय."

मालक तर पेटलाच. "एक चीर दावा! केसाएवढी दावा, म्या सोता कुलूप घालतो!" त्यानं वरपर्यंत फोन फिरवले. वरिष्ठांनी मला विचारलं, "आधार काय?" एका बाईंचं तोंडी मत आणि नाव न देणारा कामगार. ते म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत लेखी काही द्या, नाहीतर उघडून द्या."

सकाळी मालकाला बोलावलं. दरडावलं असतं तर वकील आला असता. म्हणून मी त्याची स्तुती सुरू केली. "तुमची दुसरी शेड काय भक्कम हो! पहिल्या शेडला मिस्त्रीनं सात सळ्या घातल्या. तुम्ही असता तर?"

छाती फुगली. "सात? मिस्त्रीची काय छाती हाय? म्या घातल्या! पैल्यात सात, दुसऱ्यात अकरा, सोता उभं ऱ्हाऊन. इंजिनिअर चार म्हनला. पावणं चार येनार म्हनून आपन काय चारच भाकरी थापतो व्हय?"

चोरी माणूस लपवतो, दानत त्याला लपवता येत नाही. जबाब लिहिला, त्यानं अभिमानानं सही केली. वरिष्ठांना पाठवला, शेड बंदच राहिली.

बाई दुपारी टेकूवाल्यांच्या आधीच आल्या. लिंबाखाली उभ्या राहून त्यांनी मला समजावलं. बीमवर भार वाढत गेला की खालची सळई आधी हार मानेल, असाच हिशेब मुद्दाम केलेला असतो. ती ताणली जाते, बीम वाकतो, भेगा पडतात, लोक घाबरून पळतात. सळई बेसुमार घातली की ती हरत नाही, वाकू देत नाही. मग एका क्षणी वरचं काँक्रीटच पिचतं. "आणि ते सांगून पिचत नाही," बाई म्हणाल्या. "त्यात यांनी दोन शेडचा माल एकीवर ठेवलाय."

चारच्या सुमाराची गोष्ट. लख्ख ऊन होतं. टेकूंचा टेम्पो फाटकाशी वळत होता. मी त्या बीमकडेच बघत होतो, एकटक. तरी मला काही दिसलं नाही. ना तो वाकला, ना चुन्याचा पापुद्रा सुटला. बीम होता, आणि मग धूळ होती. आवाज आला तो जमिनीवर पडल्यावर.

मालक मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. पुढं त्याच्यावर दोषारोपपत्र गेलं. त्याच्या मनात पाप नव्हतं हे मला माहीत होतं, पण सुपरवायझरच्या घरी जाऊन ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

उभ्या नोकरीत मी भेगा शोधल्या. माणूस अडखळला, घामाघूम झाला की संशय घ्यायचा. जो स्वच्छ दिसला त्याला सोडून द्यायचा. जी तीस माणसं सांगत होती की काहीच दिसलं नाही, ती खरं तर मला सगळंच सांगत होती, आणि मी त्यांना घाबरट ठरवलं. मला याची लाज वाटते, अजून वाटते.

धूळ बसल्यावर पुन्हा जबाब घ्यायचे होते. थोरली पुढ्यात येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "साहेब, आमाला त्या बीमाखाली बसवायची परवानगी कुनी दिली हुती?"

"मी," म्हणालो.

"मंग बाहीर बी तुमीच काडलंसा. पर आदी जाणत्याला इचारून मंग बसवायचं हुतं की."

हवालदारानं माझ्याकडं बघितलं आणि पेन थांबवलं. मी कागद त्याच्याकडून घेतला आणि तिचं वाक्य, माझ्या हुद्द्यासकट, माझ्याच हातानं जबाबात लिहिलं.