टोकियोच्या ताटातली वाम

बालाघाटच्या स्टेशनवरून आमची छोटी गाडी सुटली तेव्हा चिंधुजींना निरोप द्यायला अर्धं रामपायली गाव फलाटावर उभं होतं. चिंधुजी म्हणजे आमच्या भागातले नावाजलेले धानाचे (भाताचे) शेतकरी, आणि मी त्यांच्या गावचा ग्रामसेवक. जपानी पद्धतीची धानशेती शिकायला सरकारनं आम्हा दोघांना दोन महिन्यांसाठी जपानला धाडलं होतं. तोवर चिंधुजींनी नागपूरपलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं.

कलकत्त्याहून विमान. ढग खाली आणि आपण वर, याचं मला भारी अप्रूप वाटलं. चिंधुजी मात्र डोळे मिटून बसले होते. टोकियोत उतरल्यावर मी रुंद रस्ते, विजेच्या पाट्या, घड्याळाच्या काट्यावर येणाऱ्या गाड्या बघत लहान मुलासारखा हिंडत होतो. पण चिंधुजींचं पहिल्याच जेवणात बिनसलं.

"भाऊ, हे लोकं कच्चा मासा खाऊन राह्यले!" ते माझ्या कानाशी पुटपुटले आणि त्यांनी ताट दूर सारलं. पुढचे चार दिवस नुसता चहा आणि चिकट भाताचे दोन घास. डोळे खोल गेले. पाचव्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "मले घरी पाठवून दे. शिकाले जीव तं राह्यला पाह्यजे."

"काका, शिकणं अजून सुरूही झालं नाही."

"मंग काहून थांबू?"

ते परतले तर जिल्ह्यातले शेतकरी या पद्धतीवर विश्वास ठेवणार नव्हते. ग्रामसेवकाचं ऐकतो कोण? चिंधुजींचं मात्र सगळे ऐकत. सकाळी आमच्या जपानी यजमानांना सांगायचं, असं ठरलं.

नेमकं त्याच संध्याकाळी यजमानांनी आम्हाला एका जुन्या, मोठ्या नावाच्या उपाहारगृहात जेवायला बोलावलं. नाही म्हणणं शोभलं नसतं. धोतर आणि काळा कोट घालून चिंधुजी निघाले, ते फाशीला निघाल्यासारखे.

नदीकाठचं लाकडी घर. दारात जोडे काढायचे, आत गुळगुळीत चटया, आणि एका लांब ठेंगण्या मेजाशी सगळ्यांनी ओळीनं बसायचं. मंडळी उंची कपड्यांतली, हळू बोलणारी. चिंधुजींच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आपल्या लेकीसोबत बसले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला, चिंधुजींनी हात जोडले.

काळ्या चकचकीत डब्या आल्या. चिंधुजींनी नाइलाजानं झाकण उचललं. आत वाफाळता भात, त्यावर निखाऱ्यावर भाजलेले तांबूस तुकडे. त्यांनी वास घेतला. तुकडा उलटा करून पाहिला. आणि त्या शांत दालनात मोठ्यानं ओरडले, "अरे भाऊ! हे तं वाम हाय!"

सगळं मेज वळून बघू लागलं. मी शरमेनं खाली पाहिलं. वाम म्हणजे सापासारखा लांब, बुळबुळीत मासा; पावसाळ्यात आमच्या बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) सापडतो. चिंधुजींनी जेवायच्या काड्या बाजूला ठेवल्या, हातानं घास केला आणि डबी बघता बघता निम्मी केली.

शेजारचे गृहस्थ कौतुकानं बघत होते. चिंधुजी त्यांच्याकडे वळले. "आम्ही बी धरतो हिले," म्हणत त्यांनी बुळबुळीत वाम मुठीतून कशी निसटते ते करून दाखवलं. लेक तोंडावर हात धरून हसू लागली. म्हाताऱ्यानं मान हलवली: असं नाही! त्यांनी मेजावरच्या मूठभर काड्या घेतल्या, गोल धरल्या आणि एका बाजूची टोकं आत झुकवली. कामट्यांचा पिंजरा! मासा आत जातो, बाहेर येत नाही.

"हौ, हौ! असाच!" चिंधुजी उसळले. "पन लावता कुठं?"

मी इंग्रजीत आणि यजमानांनी जपानीत सांगायच्या आतच म्हाताऱ्यानं बोट चहात बुडवलं, मेजावर चौकोन काढला, दुसरा काढला आणि जिथं एका शेतातलं पाणी दुसऱ्यात उतरतं त्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. चिंधुजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्यानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तशीच सणसणीत थाप परत दिली. सारं मेज हसलं. चिंधुजींना दुसरी डबी आली, तीही संपली.

सकाळी मी विचारलं, "यजमानांना सांगू ना?"

"काय सांगतं?" चिंधुजी पागोटं बांधत म्हणाले. "चाल, रोवना पाहाले जाऊ."

दोन महिने आम्ही पुरते राहिलो. दोरीच्या सरळ रेषेत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, शिकलो, आणि चिंधुजी काड्यांनी भात खायलाही शिकले. परतल्यावर रामपायलीत त्यांच्या ओसरीवर गाव लोटलं. लोकांना उंच इमारती ऐकायच्या होत्या, चिंधुजी त्या म्हाताऱ्याचीच गोष्ट सांगत होते. मी दोन वह्या भरून टिपणं आणली होती, पण परदेशी माणसं कशी असतात असं कुणी विचारलं की मलाही तेच मेज आठवे.

"नाव काय त्या म्हाताऱ्याचं?" कुणीतरी विचारलं.

"नाव पुसाचं राह्यलं," चिंधुजी म्हणाले. "गाव बी नाई मालूम. पन त्याच्या बांधीतलं पानी कोन्या कोपऱ्यातून उतरते, ते सांगू शकतो."