राहात्याच्या मळ्यातला अ‍ॅस्परॅगस

शिवाजीनगरहून सकाळची कोपरगाव गाडी धरली तेव्हाच अंग मोडून आलं होतं. जायची इच्छा नव्हती. मी पुण्यातल्या एका हॉटेलात भाजी-खरेदीवर होतो. नव्या आचाऱ्याने मेनू बदलला, आणि राहात्याच्या एका जोडप्याला सांगायचं होतं, की तुमचा अ‍ॅस्परॅगस (आपल्या शतावरीचा विलायती भाऊबंद) आता नको. पत्र टाकूनही भागलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी हॉटेलसाठी पिकवा म्हणून त्याच्या मुळ्या पोत्यात घालून मीच त्यांच्याकडे पोचवल्या होत्या. लिहायला हात उचलेना.

नगर सोडलं आणि ऊन चढलं. राहुरीच्या पुढे टायर बसला. बाभळीच्या विरळ सावलीत आम्ही उतारू ताटकळलो. शेजारच्या आजींनी मूठभर बोरं हातावर ठेवली. "खा रं बाबा, तोंड लई सुकलंय तुजं."

राहात्याला उतरून पेरूच्या बागांमधून मळ्यापर्यंत पाय ओढत गेलो. भागवतराव मोटर बंद करून आले. त्यांच्या पत्नी सुमनबाई लांबूनच म्हणाल्या, "या साहेब! कोंब बगा कसं आल्यात!"

काळ्या मातीतून बोटाएवढे जाड हिरवे कोंब सरळ वर आले होते, शेंड्याला जांभळट. पहिली दोन वर्षं ते तोडायचे नसतात, मुळं धरू द्यायची असतात. यंदाची ही पहिली तोड.

चहा निवत होता. मी निरोप सांगून टाकला.

भागवतराव वाफ्याकडे वळले. "मंग नांगर घालतो. उसाला जागा हुईल."

"लागतो कसा हो ह्यो?" सुमनबाईंनी मला विचारलं.

मी हॉटेलात बाहेरून मागवलेल्या अ‍ॅस्परॅगसच्या बशा भरून जाताना पाहिल्या होत्या, चव कधी घेतली नव्हती.

"इकायचा म्हून तीन वरसं एक कोंब तोंडात घातला न्हाई आमी," त्या म्हणाल्या. "आता आमचाच हाय न्हवं?" आणि विळा घेऊन वाफ्यात शिरल्या.

तव्यावर लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी कोवळ्या मटारासारखी गोडसर लागली, मागून किंचित मातकट. भागवतरावांनी पुन्हा वाढून घेतलं.

"चार सऱ्या ऱ्हाऊ द्या," सुमनबाई म्हणाल्या. "बाकी काय लावायचं ते लावा."

"एवढं कोन खानार?"

"मी खाईन."

परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून पडून राहिलो. वाईट बातमी देऊन पोटभर जेवून निघालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. थकवा होताच, पण जाताना छातीवर जे ओझं होतं ते आता जाणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी विचारलं, "निरोप दिलास? काय म्हणाले?"

"भाजी छान झाली होती," मी म्हणालो.