भांड्याची पांढरी बाजू

चायनीज म्हटलं की आमच्या यवतमाळात गाडीवरचं मंच्युरियन, लाल रंगात बुचकळलेलं. म्हणून दारव्हा रोडवर हॉटपॉटचं हॉटेल उघडलं तेव्हा मला हसूच आलं. टेबलावर शेगडी, शेगडीवर भांडं, कच्चा माल समोर. आपणच शिजवायचं, आपणच खायचं. मग तो हॉटेलवाला काय करतो, पंखा फिरवतो? पण भाची ऐकेना. भावाची एकुलती एक लेक, हैदराबादला नोकरीला लागलेली. सुटीवर आली आणि म्हणाली, "आत्या, रविवारी दुपारी सगळे जाऊ. तू अन् बाबा धड बोलून नाही राह्यले, मला काय कळत नाही?"

खरंच बोलत नव्हतो. म्हणजे मी बोलत नव्हते. भाऊ बिचारा "ताई, ताई" करत यायचा आणि मी भांडी आपटायची.

भांडण डब्याचं होतं. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, जिल्हा परिषदेत कारकून. बायको गेली तेव्हापासून त्याचा डबा माझ्या घरून जायचा, दोनच गल्ल्यांचं अंतर. माझ्या हातच्या बेसनाच्या पातोडीच्या रश्श्यावरचं लाल तेल, ती तर्री, तो वाटीनं प्यायचा. जरा तिखट कमी पडलं की म्हणायचा, "ताई, हे काय लेकरायचं वरण हाय का?" आणि तोच माणूस गेल्या दीड वर्षापासून रस्सा जसाच्या तसा परत धाडत होता. पोळी अर्धी, भाजी तशीच, फक्त भात आणि ताक संपलेलं. एक दिवस माझ्या मुलाकडून निरोप पाठवला, "मामा म्हणतात, तिखट टाकूच नको." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं शाळेत पोरांना दम देऊन मी निवृत्त झाले, मला कोणी असं तोंडावर नापास केलं नव्हतं. मी सरळ निष्कर्ष काढला. कोण्या बाईच्या हातचं सपक याला गोड लागून राह्यलं, आणि आता बहिणीचं नको झालं. शेजारणीपाशी बोलूनही टाकलं. जिभेला हाड नसतं, माझ्या तर मुळीच नाही.

तर असे आम्ही चौघं त्या हॉटेलात बसलो. भाऊ, भाची, मी आणि माझा मुलगा. मुलगा तिशीचा, औषधांच्या दुकानात बसतो. भांड्याच्या मधोमध वळणदार भिंत होती. एका बाजूला लालभडक रस्सा, वर अख्ख्या मिरच्या आणि जीभ बधिर करणारे कसलेसे काळपट दाणे तरंगत होते. दुसऱ्या बाजूला पांढरं पाणी, त्यात पातीचा कांदा. मी लाल बाजूला बसले, अर्थातच. पहिल्याच घासाला ओठांना मुंग्या आल्या, नाक वाहायला लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. मुलगा पाण्याचे ग्लासावर ग्लास रिचवत होता. मला वाटलं, आहेच तसं तिखट.

भाऊ पांढऱ्या बाजूला बसला होता. खुर्ची त्यानं निवडून घेतली, हे मी पाहिलं होतं. नूडल्स चमच्यानं तोडून तोडून अगदी बारीक करत होता आणि तोंडासमोर हात धरून एकेक घास आत सारत होता. नव्या नवरीसारखा.

"काहून रे, एवढा नाजूक कवापासून झाला?" मी विचारलं.

मुलगा हसला. "मामा पुणेकर झाले, आई."

"असू दे वं ताई," भाऊ हाताआडूनच बोलला.

"असू दे कायले? माझ्या हातचं चालत नाही, हॉटेलातलं तरी खाय!" आणि मी लाल रश्श्यातली बटाट्याची चकती, दोन मशरूम आणि वरून पळीभर तेल त्याच्या वाटीत ओतलं.

"ताई, नको."

"मोठ्या बहिणीनं वाढलं ते टाकतात का?"

हे आमच्या आईचं वाक्य. आमच्या घरात मोठ्यानं वाढलेलं ताटात सोडायचं नाही, आजारी असलास तरी नाही. भावानं माझ्याकडे पाहिलं. मग चकती उचलली. ती तोंडात जाईना. पोस्टाच्या पेटीत पाकीट सारावं तशी त्यानं ती आडवी करून बोटानं दातांच्या फटीतून आत ढकलली. मी हे पाहिलं, आणि तरीही मला वाटलं, नाटकं करतो.

त्याचे डोळे भरले. मानेच्या शिरा वर आल्या. आवाज मात्र काही नाही. त्यानं कागदी रुमाल तोंडाला लावला आणि तो लाल झाला. मला वाटलं, रस्साच असेल. भाचीला तसं वाटलं नाही. ती खुर्ची सारून उठली. "बाबा, आ करा." तो मान हलवून नाही म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. तो नाहीच.

मग मी म्हटलं, "आ कर रे."

तो चार वर्षांचा असताना आई सहा महिने अंथरुणाला खिळली होती. तेव्हा त्याला मी भरवायची, याच दोन शब्दांवर. त्यानं तोंड उघडलं. उघडलं म्हणजे काय, एक बोट कसंबसं जाईल एवढंच. आत गालाचं कातडं पांढरं पडलं होतं, आणि त्यावर एक जखम होती. मी झटकन मान फिरवली. बहीण असून फिरवली.

"कवापासून हाय हे?"

"दीडक वर्ष झालं असन."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू रडली असती. अन् मले वाटलं, खर्रा सोडला की आपोआप बरं होईन."

"मग सोडला?"

त्यानं खाली पाहिलं. सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकच्या पन्नीचं टोक बाहेर आलं होतं.

खर्रा आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून मऊ होईस्तोवर घोटायचा. पाहुणा आला की आधी पाणी, मग खर्रा, मग चहा. बाबांचा खर्रा मी घोटून द्यायची. माझा हात हलका, म्हणून माझं कौतुक. भाऊ नोकरीला लागला तसा तोही म्हणायला लागला, "ताई, तुझ्या हातचा मऊ येते." रविवारी त्याच्या हापिसातले तिघं-चौघं ओसरीवर बसायचे आणि मी पायरीच्या फरशीवर सगळ्यांचा घोटून द्यायची. शाळेत पोरांना दात घासायला शिकवणारी बाई! वरून फुशारकी मारायची की माझ्या हातचा खर्रा आणि माझ्या हातचा रस्सा, दोन्हीला तोड नाही. रस्सा परत आला तेव्हा मला राग आला. खर्रा कधीच परत आला नव्हता, त्याचं मला काही वाटलं नाही.

नागपूरला नेलं. डॉक्टरांनी स्वतःची तीन बोटं उभी धरून दाखवली. म्हणाले, चांगल्या तोंडात एवढी सहज जायला पाहिजेत, घरच्या सगळ्यांनी बघत जा. मग विचारलं, घरात याला सवय कोणी लावली? भाची म्हणाली, हापिसातून लागली. मीही मान डोलावली. त्या दिवशी खरं बोलले असते तर काय बिघडलं असतं, अजून मला उत्तर देता येत नाही.

अर्धा जबडा काढला. भाचीनं नोकरी सोडली, बापलेक माझ्याच घरी राहायला आले. मी नऊ महिने तांदळाची पेज गाळून गाळून नळीतून दिली. रोज पांढरं, फक्त पांढरं. एकदा मुलासाठी पातोडी करत होते. फोडणीचा वास गेला तसा भाऊ उठून आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. बोलता येत नव्हतं म्हणून वहीत लिहून दाखवलं, "तर्री आली का वर?" मी गॅस बंद केला. त्या दिवशी कोणी जेवलंच नाही. त्यानंतर तो होता तोवर मी घरात फोडणी दिली नाही.

चैत्रात तो गेला.

तेरवीला पान वाढताना बायका म्हणाल्या, त्याच्या आवडीचं सगळं ठेव, नाहीतर जीव अडकते. मी पातोडीचा रस्सा केला होता, झणझणीत, वर बोटभर तर्री. वाटी पानात ठेवली. दीड वर्ष जो डब्यातून परत येत होता तोच रस्सा. एक म्हातारी म्हणाली, "अन् खर्रा वं? खर्र्याबिगर कसा जाईन तो?"

"ठेवायचा नाही," मी म्हटलं.

"असं कसं? माणसाची इच्छा राह्यते."

"नाही म्हटलं ना!"

माझा मुलगा पाठीमागे उभा होता. सगळ्यांसमोर तमाशा नको म्हणून हळूच पुढे झाला. "जाऊ दे ना आई, ठेव. माझ्यापाशी हाय." आणि खिशात हात घालून त्यानं पन्नी काढली. घोटलेली, ताजी.

मी पन्नीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हॉटेलातले ते पाण्याचे ग्लास आठवले.

"आ कर."

"आई, लोकं पाहून राह्यले."

"आ कर!"

तो कसनुसा हसला आणि त्यानं तोंड उघडलं. मी तीन बोटं उभी धरली.

दोन गेली. तिसरं दाताला अडलं.