मुळात नसलेलं कडवं

आमच्या चर्चच्या जुन्या गायनाच्या पुस्तकात एका गीताखाली बारीक अक्षरात दोनच शब्द होते, ‘जर्मन गीतावरून’. मराठीत कोणी आणलं, कधी आणलं, काही नाही. पप्पा नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, चर्चच्या स्मरणिकेसाठी या गीताचा इतिहास लिहायचा.

गीत उगाच निवडलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना तापाने गेला, तेव्हा कबरीपाशी हेच म्हटलं होतं. मी नऊ वर्षांची होते. त्यातलं पाचवं कडवं लेकरांचं आहे. नदीपल्याड गेलेल्या लेकरांना आता ऊन लागत नाही, चालून पाय दुखत नाहीत, ती आपली वाट बघत बसलीत, असं काहीसं. त्या दिवशी कुणाचा आवाज फुटेना, तेव्हा आईने ते कडवं एकटीने शेवटपर्यंत म्हटलं. पुढे मंडळीत कुणाचं मूल गेलं की ते म्हणायला आईलाच बोलावणं यायचं.

पप्पांनी वर्षभर खटपट केली. जुन्या पाळकांना पत्रं लिहिली, कपाटं उपसली. भाषांतर करणाऱ्याचं नाव काही मिळालं नाही. मूळ जर्मन गीत मात्र मी चालीवरून मोबाइलवर शोधून छापून आणलं. पण वाचणार कोण? पप्पांची एक जुनी विद्यार्थिनी जर्मनीत नर्स आहे. ती सुट्टीवर आली, तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तिने एकेका ओळीचा अर्थ सांगितला. चार कडवी झाली आणि ती थांबली.

“पुढचं?” पप्पांनी विचारलं.

“संपलं, सर. चारच आहेत.”

“अगं, लेकरांचं?”

तिने कागद उलटून पाहिला. “लेकरं यात कुठंच नाहीत.”

पप्पा उठून उभेच राहिले. “म्हणजे हे आपलं आहे! भाषांतर करता करता त्या माणसाला राहवलं नसेल. त्याचंही कुणी गेलं असेल.” आत जाऊन त्यांनी आईला सांगितलं. आई हसली, असं मला आठवतं. स्मरणिकेत लेख आला, लोकांनी कौतुक केलं.

सहा महिन्यांनी पाळकसाहेब घरी आले. गायनाच्या नवीन पुस्तकाचं काम चाललं होतं. चहा पुढ्यात तसाच ठेवून ते म्हणाले, “सर, समितीने ठरवलंय, गीतं मुळाप्रमाणे ठेवायची. पाचवं कडवं घेता येणार नाही.”

“मुळात नाही म्हणूनच ठेवा ना,” पप्पा म्हणाले.

“मी बोललो तसं. पण पुरावा तुमचाच आहे. लेखच ठेवला त्यांनी पुढ्यात.”

माणूस वाईट नव्हता. त्यांनाही अवघड झालं होतं. पप्पा समितीच्या बैठकीला जाऊन आले, दोन अर्ज दिले. उत्तर आलं, पुढच्या आवृत्तीच्या वेळी विचार करू.

आई मेथी निवडत होती. पप्पांनी उत्तर वाचून दाखवल्यावर तिने मान वर केली नाही. “तुम्हाला कुणी विचारलं होतं हो, ते कुठनं आलं म्हणून?” एवढंच बोलली. पप्पांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मूळ गीत मोबाइलवर शोधून दिलं होतं ते मीच. मी तिच्यासमोरची अर्धी मेथी निवडायला घेतली.

नवीन पुस्तकं आली. पहिल्यांदा ते गीत झालं तेव्हा पप्पा पेटीवर होते. चौथं कडवं संपलं आणि सवयीने आईने श्वास घेतला. पप्पांची बोटं पट्ट्यांवर तशीच राहिली. सगळे खाली बसले. आई एकटी उभी. मी तिचा हात धरून तिला बसवलं.

त्यानंतर पप्पांनी एक उद्योग केला. सुवाच्य अक्षरात पाचवं कडवं लिहिलेल्या चिठ्ठ्या तयार केल्या. आठवडाभर रोज दुपारी, पाळकसाहेबांना विचारून, बाकांवरच्या नव्या पुस्तकांत त्या पानावर चिकटवत बसायचे. मी डिंक लावून द्यायचे. पाळकसाहेब दारातून बघून जायचे, एकदाही अडवलं नाही.

त्याच पावसाळ्यात चर्चमध्ये मोठा पडदा आला. आता गीताच्या ओळी पडद्यावर येतात, चौथ्या कडव्यानंतर प्रार्थनेचं पान येतं. पुस्तकं बाकांवर असतात, पण कुणी उघडत नाही.

मागच्या महिन्यात मंडळीतल्या एका तरुण जोडप्याचं बाळ गेलं. आईला बोलावणं आलं नाही. त्यांना माहीतच नसेल. कबरीपाशी सगळ्यांनी मोबाइलवर बघून चार कडवी म्हटली. आई, पप्पा आणि मी मागे उभे होतो. पप्पांनी आईकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली, आणि आम्ही माती द्यायला रांगेत लागलो.