धनगराचं कुत्रं

आई गेली त्या वर्षी दिवाळीनंतर काळेवाडीमागच्या शेतांत धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. वडील पिंपरीच्या एका कंपनीत होते. एका दुपारी ते पहिली शिफ्ट करून आले तेव्हा सायकलच्या कॅरियरला गोणपाट बांधलेलं होतं आणि त्यातून कुत्र्याचं पिल्लू डोकं काढून बघत होतं. पाय दुखावलेला, कळपाबरोबर चालवत नव्हतं, म्हणून धनगराने देऊन टाकलं होतं.

"राहू दे घरात," वडील म्हणाले.

मी आणि धाकटी बहीण, आम्ही काही विचारलं नाही. त्या दिवसांत आमच्या घरी कोणी कोणाला काही विचारत नसे.

पाय बरा झाला आणि कुत्रा आवरेना. बहीण शाळेला निघाली की तिचा घोटा दातांत धरून तिला परत दारात आणायचा. चावायचा नाही, नुसता धरायचा. गल्लीतली पोरं खेळायला जमली की त्यांच्याभोवती गोल फिरून त्यांना भिंतीशी दाटीने उभं करायचा. शिफ्ट सुटल्यावर सायकलींचा लोंढा यायचा, त्यात घुसून सगळ्यांना एका अंगाला वळवायला बघायचा. त्यात एक माणूस पडला.

शेजारच्या मावशी आल्या. "तुमच्या घरावर काय आलंय ते कळतं आम्हाला. पण कुत्र्याला बांधा, नाहीतर देहूकडे सोडून या."

बांधला. त्याने दोर कुरतडला, खाटेचा पाय कुरतडला, मग आईच्या चपला. त्या अजून दाराशीच होत्या. मला वाटलं, आता रडू येईल. मी तुकडे सुपलीत भरले, बाहेर टाकले, हात धुतले आणि भात लावला.

दुसऱ्या दिवसापासून वडील त्याला पवना नदीच्या काठी न्यायला लागले. आधी दमेपर्यंत पळवायचे. मग मुठीत भाकरीचा तुकडा धरून म्हणायचे, "बस." तो भोवती गरगर फिरायचा. वडील तसेच उभे. पुन्हा, "बस." आवाज चढायचा नाही. शेवटच्या दुखण्यात ते आईला "थोडं खा" म्हणायचे, तोच हा आवाज. एके दिवशी तो बसला. वडिलांनी तुकडा दिला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

घरातलं शिकवणं माझ्याकडे होतं. त्याने घोटा धरला की जागच्या जागी थांबायचं, सोडेपर्यंत हलायचं नाही. थांबून राहणं मला तेव्हा अवघड नव्हतं.

पावसाळा संपेपर्यंत तो माणसांत आला. सायकली जायच्या तेव्हा कडेला बसून राहायचा. मावशी स्वतः त्याला चपाती घालू लागल्या.

पुढच्या दिवाळीनंतर मेंढ्या पुन्हा आल्या. वडील आम्हा दोघींना आणि त्याला घेऊन शेतावर गेले. धनगर कळप हलवत होते. एक मेंढी फुटून रस्त्याकडे पळाली. कुत्र्याने मान खाली घातली, पुढचा एक पाय उचलला.

"बस," वडील म्हणाले. सवयीने म्हणाले असावेत.

तो बसला. अंग थरथरत होतं, पण बसून राहिला. मेंढीला धनगराच्या दुसऱ्या कुत्र्याने वळवलं.

धनगर जवळ आला. "ह्यो आमचाच का?"

"हो."

"लई शिकवला की."

"घरात राहायचं तर शिकवावं लागतं."

"व्हय," धनगर म्हणाला. "आता मेंढरामागं न्हाई लागायचा."

वडील कळपाकडे हात करून कुत्र्याला म्हणाले, "जा." त्याने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं. हा शब्द आम्ही त्याला शिकवला नव्हता.

परतताना वडील सायकल हातात धरून चालले. "उद्यापासून सकाळीही त्याला नदीवर नेत जा," मला म्हणाले. मी हो म्हटलं आणि लग्न होईपर्यंत नेत राहिले. तिथे मोकळ्या माळावर तो मोठमोठे गोल घालत धावायचा. हे बघायला छान आहे, हे मला कळायचं. नुसतं कळायचं, वाटायचं काही नाही. मग मी हाक मारायचे, तो यायचा, आणि वडिलांचा डबा भरायच्या वेळेला आम्ही घरी पोचायचो.