अजिनाथचा बाजा आणि माईकची शिट्टी

अजिनाथ एका जागी शांत बसलाय, असं मी तरी कधी पाहिलेलं नाही. चहा घेणार उभ्यानं, जेवणार एक गुडघा वर करून, आणि बाजा वाजवायला लागला की चटके बसल्यासारखे पाय हलवणार. बाजा म्हणजे माउथ ऑर्गन. लहानपणी मेंढरांमागं फिरताना तो पावा वाजवायचा. वाळूजला कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर लागला आणि गुलमंडीच्या बाजारातून हा बाजा घेऊन आला. पावा का सोडला, असं विचारलं तर म्हणतो, "खिशात मावत नाय."

बजाजनगरात आमची छोटीशी पार्टी आहे. मेघा गाते, मी म्हणजे बन्सी ढोलकीवर आणि अजिनाथ बाज्यावर. बारसं, हळद, सत्यनारायण, जिथं बँड मावत नाही तिथं आम्हाला बोलावतात. जागा म्हणजे एक खोली, वर पत्रा, खाली फरशी आणि उरलेल्या जागेत माणसं. ढोलकीपुढं बाजा ऐकू जात नाही, म्हणून अजिनाथ माईक आणि बाजा दोन्ही एकत्र तळव्यांत धरतो. इथपर्यंत सगळं ठीक. मग शिट्टी सुरू होते.

स्पीकरमधून आलेला आवाज माईकमध्ये शिरतो, माईकमधून पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि फिरत फिरत चढत राहतो. लहान खोलीत त्याला बाहेर पडायला वाटच नसते. मेघानं हे अजिनाथला किती वेळा समजावलं असेल! पण मशीन कुरकुरली की मशीनकडं धावायचं, ही कारखान्यातली सवय. लोकांनी तोंडं वाकडी केली की हा पठ्ठ्या माईक हातात घेऊनच स्पीकरकडं पळतो, बटण कमी करायला. चालू माईक स्पीकरच्या तोंडाशी नेल्यावर काय होतं, ते सांगायला नको. एका हळदीत नवरदेवाच्या आईनं हळदीच्या हातांनीच कान झाकले. फोटोत तिचे कान नवरदेवापेक्षा पिवळे दिसतात.

त्या दिवशी मेघाचं डोकं फिरलं. "अजिनाथभाऊ, अजून एकदा शिट्टी वाजली तर पुढच्या वेळी तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवायच्या."

आणि पुढची वेळ म्हणजे अजिनाथच्याच नातीचं बारसं. त्याची लेक श्रेया बाळंतपणाला माहेरी आली होती. तिनंही बापाला तोंडावर सांगितलं, "पप्पा, माईक लावणार असाल तर वाजवूच नका. लेकरू दचकतंय."

त्यानंतर अजिनाथनं माझं डोकं खायला सुरुवात केली. ड्यूटी सुटली की थेट माझ्या दारात. आज वायर बदल, उद्या माईक बदल, परवा स्पीकर उघडून बस. धड खाली बसणार नाही, मलाही बसू देणार नाही. एकदा वैतागून मी म्हणालो, "बाबा रे, एक दिवस नाय वाजवलास तर काय आभाळ कोसळनार हाय?"

"पहिली नात हाय, बन्सी," तो म्हणाला. "तिच्या बारशाला दुसऱ्यानं वाजवायचं आन् मी खुर्च्या मांडायच्या का?" त्याचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून त्याचा आणखी राग आला.

शेवटी मेघानंच मनावर घेतलं. अजिनाथच्या खोलीत तालीम ठरली. तिनं स्पीकर कोपऱ्यातून काढून पुढं ठेवला, तोंड लोकांकडं, आणि अजिनाथला त्याच्या पाठीमागं उभं केलं. भिंतीवर सत्यशीलावहिनींच्या, म्हणजे अजिनाथच्या बायकोच्या, गोधड्या टांगल्या, आवाज आपटून परत येऊ नये म्हणून. बारीक, टोकदार आवाजाचं बटण खाली केलं. "तळवे बाज्याभोवती गच्च मिटा," ती म्हणाली. "बाज्याचाच आवाज माईकमध्ये भरला की स्पीकर मोठा करावा लागत नाही. आणि बाजा ओठावरून काढायच्या आधी माईक बंद."

पहिलं गाणं स्वच्छ झालं. मी मनात म्हटलं, सुटलो. दुसऱ्या गाण्याच्या आधी अजिनाथनं वाकून स्पीकरचं बटण थोडं वाढवलं. तिसऱ्याच्या आधी आणखी थोडं. मग डोळे मिटून तो रंगात आला, तळवे सैल झाले आणि शिट्टी निघाली. मी ढोलकी सोडून कानांवर हात ठेवले. मेघानंही ठेवले. खोली नुसती किंचाळत होती आणि हा माणूस मजेत मान डोलावत वाजवतोय!

मेघानं वायर उपटली. अजिनाथनं डोळे उघडले, आमचे कानांवरचे हात पाहिले आणि विचारलं, "वाजली का?"

तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. आजवर शिट्टी त्याला आमच्या तोंडांवरूनच कळत होती. प्रेसचे दणके ऐकून ऐकून त्याच्या कानांत बारीक आवाज शिरायचे बंद झाले होते. स्वतःचाच बाजा नीट ऐकू येईना, म्हणून तो दर गाण्याला बटण वाढवायचा.

"मला ठावं हाय," सत्यशीलावहिनी हळूच म्हणाल्या. "कुकरच्या शिट्ट्या मलाच मोजाव्या लागत्यात."

अजिनाथ भडकला. "मी बहिरा नाय! समोरचं मानूस काय बोलतंय ते समजतं मला." दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दारापर्यंत गेला. वहिनी भांडल्या नाहीत. त्या उठून स्पीकरशेजारी बसल्या आणि बटणावर हात ठेवला. "हे आता माझ्याकडं. तुमी फकस्त माझ्या हाताकडं बघायचं."

प्रेसच्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, तिथं सगळे हातांनीच बोलतात. ते हातवारे तो घरीही करायचा, त्यामुळं वहिनींना सगळे पाठ. तळवा खाली म्हणजे हळू, मूठ म्हणजे थांब.

"माझा आवाज मलाच नाय आला तर वाजवू कसा?" तो म्हणाला.

"हाताला थरथर लागती का नाय? तेवढ्यावर वाजवा."

बारशाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्यानं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, मग नाव मोठ्यानं जाहीर झालं. टाळ्या पडल्या. अजिनाथनंही वाजवल्या.

मग त्यानं बाजा ओठाला लावला. पाय हलले नाहीत. डोळे मिटले नाहीत. सगळा वेळ तो वहिनींच्या हाताकडं पाहत होता आणि मला ढोलकी वाजवताना घाम फुटला होता. एकदा त्यांचा तळवा खाली गेला, त्यानं लगेच फुंकर आवरली. शिट्टी वाजली नाही. बाळ झोपूनच राहिलं. श्रेयानं डोळे पुसले. मेघा म्हणाली, "जा भाऊ, टाळ्यांचं काम गेलं तुमचं!" मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन शिव्या घातल्या.

लोक घुगऱ्यांकडं वळले तसा अजिनाथनं मला दाराबाहेर ओढलं. इकडंतिकडं पाहिलं.

"बन्सी, नाव काय ठिवलं रं?"

"योगिनी," मी म्हणालो. तो माझ्या ओठांकडं बघत होता. मी पुन्हा सावकाश म्हणालो, "योगिनी."

तो तडक पाळण्याकडं गेला. वाकला आणि बाळाच्या कानाशी, प्रेस शॉपमध्ये ओरडतात त्या आवाजात म्हणाला, "योगिनी!"

पोरीनं असं भोकाड पसरलं की बायका धावत आल्या. श्रेया ओरडली, "पप्पा!" वहिनींनी लांबून मूठ दाखवली. त्यानं पाहिलीच नाही. तो तसाच वाकून, कान तिच्या तोंडाशी नेऊन थांबला होता.

"येतंय," तो म्हणाला. "बन्सी, हिचं ऐकू येतंय मला."